लसूणवाल्याची तीन नाणी

माझा हात लवकर चालतो. ही फुशारकी नाही आणि कबुलीही नाही. आपल्याला चष्मा आहे असं कुणी सांगावं, तसं सांगते आहे. शाळेत एक मुलगी माझ्या डब्यात थुंकली तेव्हा मी तिचं डोकं नळाच्या तोटीवर आपटलं होतं. लग्नानंतर धाकटा दीर सासूच्या अंगावर धावून गेला, तेव्हा हातातल्या लाटण्याने त्याच्या मनगटावर असा तडाखा दिला की पंधरा दिवस तो डाव्या हाताने जेवला. प्रत्येक वेळी माझ्याजवळ कारण होतं. कारण नसताना मी कुणाला मारलं असं झालेलं नाही, आणि याच गोष्टीचा मला अभिमान होता. दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना पहिलं शील, कुणाही जिवाला इजा न करण्याचं, मी चांगलं खणखणीत म्हणते. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना कोपरखळ्या मारतात, हे मला ठाऊक आहे.

हुबळीच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानसा प्रेस शॉप आहे. तिथे मी अठरा वर्षं मालाची तपासणी करते. बिजागरीच्या पात्या, कड्या, वॉशर, असला माल. पत्र्याची पट्टी डायवर, म्हणजे खालच्या पोलादी साच्यावर सरकवायची, वरून पंच आदळतो, खाली वस्तू पडते. चार प्रेस एकदम चालू झाले की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरतं आणि दातांत कळ येते. लोखंडाला आकार हवा तर त्याला मारावंच लागतं, असं आमचे मेस्त्री म्हणतात. मेस्त्री म्हणजे डाय बनवणारे आणि दुरुस्त करणारे. घरचे कन्नड, साठी उलटलेले, आमच्याशी मोडकं मराठी बोलणारे. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पंचाखाली गेली. ती त्यांनी स्वतः उचलून जेवणाच्या डब्यात घातली आणि रिक्षाने दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी हाताला टाके घातले आणि डबा परत दिला.

तपासणी मला त्यांनीच शिकवली. भिंग नंतर, आधी अंगठ्याचं नख. वस्तूवरून नख फिरवायचं. ते खाली उतरलं तर तो ओरखडा. माल तयार झाल्यावर कुणीतरी आपटला किंवा घासला. नख अडून वर चढलं तर दोष डायचा. डायला तडा गेला की पंच बसताना धातू त्या तड्यात शिरतो, आणि त्या डायमधून निघालेल्या प्रत्येक वस्तूवर त्याच जागी केसाएवढी उंच रेघ उठते. डायचा टवका उडाला तर तिथे फोड आल्यासारखा उंचवटा येतो. डाय झिजली असेल तर कडेजवळची अक्षरं ओढल्यासारखी पसरट होतात. ही सवय इतकी अंगात भिनली आहे की स्टीलची ताटली हातात आली तरी माझा अंगठा आधी तिच्यावरून फिरतो, मग भाजी वाढली जाते. घरचे हसतात.

त्या दिवशी दुपारी मी दुर्गदबैलच्या बाजारात लसूण घ्यायला गेले होते. गाडीवाला ओळखीचा नव्हता, पण अनोळखीही नव्हता. आधी दोन-तीनदा त्याच्याकडून घेतला होता. अळणावरच्या बाजूच्या खेड्यातला, मराठी बोलणारा, चाळिशीतला किडकिडीत माणूस. त्याने नोटेच्या बदल्यात दहा-दहाची तीन नाणी परत दिली. आमच्या गावात दहाचं नाणं म्हणजे वाद. सरकारचं असलं तरी दुकानदार ‘नडेयल्ला’ म्हणतात, चालत नाही म्हणून खुशाल परत देतात. त्यामुळे मी तिथेच कपाळाला आठी घातली आणि सवयीने पहिल्या नाण्यावरून नख फिरवलं.

नख अडलं. दहाच्या आकड्यातल्या शून्यावर एक रेघ होती, उंच. दुसरं नाणं घेतलं, त्याच जागी तीच रेघ. तिसऱ्यावरही तीच, आणि तिच्या टोकाला कडेजवळ मोहरीएवढा फुगवटा. म्हणजे तिन्ही नाणी एकाच डायमधून निघाली होती, आणि ती डाय फुटकी होती. सरकारच्या टांकसाळीत फुटकी डाय कोण चालवेल? तिथे तपासणी असेल, साहेब असतील, आमच्यासारखा कारभार थोडाच असेल. म्हणजे ही नाणी कुणाच्या तरी मागच्या खोलीत ठोकलेली. एवढा विचार मी दोन श्वासांत केला. तो इतका चोख वाटला की रागाच्या आधी मला आनंद झाला, हे लिहून ठेवते.

“खोटी आहेत ही,” मी म्हटलं.

“अक्का, सरकारची नाणी हाईत,” तो म्हणाला. “मी काय घरात करतो काय?”

“तूच करतोस की दुसरा कुणी करतो, ते पोलीस बघतील. अठरा वर्षं हेच काम करते मी.”

आजूबाजूला माणसं थांबायला लागली तसा तो घाबरला. त्याने माझं मनगट धरलं, नाणी तळहातावर नीट ठेवली आणि माझी बोटं मिटवली. रडणाऱ्या लेकराच्या हातात खाऊ देऊन त्याला वाटेला लावतात, तसं. “जावा अक्का, घरला जावा,” तो हळू आवाजात म्हणाला.

मी त्याच्या कानाखाली वाजवली. पूर्ण ताकदीने, खांद्यापासून. त्याची टोपी लसणावर पडली.

बाजारात बाईने पुरुषाला थोबाडीत मारली की का मारली हे विचारायची पद्धत नाही. समोरच्या कापड दुकानातून एकजण पायरीवरून उडी मारूनच आला. पाठोपाठ दोन हमाल, एक रिक्षावाला, मग मोजता येईनात इतके. ‘याके, याके?’ कुणीतरी मागून कशासाठी म्हणून विचारलं, आणि दुसऱ्याने ‘कै हिडदानंत’, हात धरला म्हणे, असं सांगितलं. खोट्या नाण्यांचं माझं भाषण कुणी ऐकलंच नव्हतं. गाडी उलटली. लसूण पायांखाली फुटायला लागला आणि त्याचा उग्र वास नाकात शिरला. तो माणूस खाली पडला होता आणि दोन्ही हातांनी डोकं झाकत होता. एका हमालाने पोती ओढायच्या आकड्याचा दांडा त्याच्या बरगड्यांत घातला. कुणीतरी त्याचे हात बाजूला ओढले. कुणीतरी त्याच्याच तराजूतलं अर्ध्या किलोचं वजन उचललं आणि तोंडावर हाणलं. तो आवाज मी ओळखते. पंच पत्र्यावर न बसता हुकून डायच्या कडेवर बसला की तसाच येतो.

मी काय करत होते? उभी होते. ‘पुरे’ हा शब्द मला सुचला नाही असं नाही, सुचला होता. पण माझ्या एका थपडेने इतकी माणसं कामाला लागली होती, आणि खरं सांगायचं तर छातीत ऊब आल्यासारखं वाटत होतं. ते मला आवडलं. पोलीस आले तोवर त्याचा डावा डोळा दिसेनासा झाला होता, तिथे नुसतं रक्त आणि लसणाची सालं होती. मी मूठ उघडून तिन्ही नाणी हवालदाराच्या हातावर ठेवली आणि ठाण्यात जाऊन जबाब दिला, खोटी नाणी खपवत होता म्हणून.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ फिरला. कापड दुकानाच्या पायरीवरून कुणीतरी काढलेला. त्यात नाणी कुठे दिसत नव्हती. त्याने माझं मनगट धरलेलं दिसत होतं, मग माझी थप्पड, मग गर्दी. खाली लिहिलं होतं, ‘छेड काढणाऱ्याला हुबळीच्या वाघिणीने शिकवला धडा’. भावाने पाठवला, नणंदेने पाठवला, विहारातल्या बायकांनी पाठवला, कोपरखळ्या मारणाऱ्यांनीसुद्धा. मी कुणालाही ‘छेड नव्हती’ असं कळवलं नाही. भात शिजत होता तेवढ्या वेळात मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. थप्पड चांगली बसली होती.

चौथ्या दिवशी फौजदारांनी बोलावलं. नाणी वर तपासायला पाठवायच्या आधी ती खोटी कशावरून हे कागदावर नीट हवं, म्हणाले. मी मेस्त्रींना सोबत नेलं. साक्षीला वजन यावं म्हणून, आणि माझी हुशारी त्यांनी बघावी म्हणूनही. तिकडे तो माणूस सरकारी दवाखान्यात पलंगावर होता आणि पलंगाशेजारी पोलीस बसवला होता. नाणी खोटी ठरली तर दवाखान्यातून तो थेट तुरुंगात जाणार होता, हे फौजदारांनी चहा मागवता मागवता सांगितलं.

मेस्त्रींनी खिडकीजवळ स्टूल ओढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक नाणं उलटसुलट करून पाहिलं. मग टेबलावर तिन्ही नाणी एका ओळीत मांडली, मधलं उचलून पहिल्या जागी ठेवलं, परत बघितलं.

“यव्वा, नोडु,” ते म्हणाले, म्हणजे बाई, हे बघ. “ह्याच्यावर रेघ शून्यापाशीच थांबली. ह्याच्यावर पिवळ्या कडेपर्यंत गेली. आणि ह्याच्यावर कडेचा टुकडा उडाला, म्हणून फोड. डाय एकच. फुटत गेली आणि हे ठोकत गेले.”

“म्हणजे खोटीच की,” मी म्हटलं.

“कशी? कडेचे दाते बघ, सगळे सारखे. मधलं पांढरं आणि भवतीचं पिवळं, सांध्यात नख शिरत नाही. ओतून केलेल्या खोट्या नाण्याला बारीक खड्डे असतात, अक्षर मेणासारखं मऊ येतं. हे दाबानं उठलेलं अक्षर. कडेची अक्षरं तेवढी पसरली, कारण डाय म्हातारी झाली. एवढ्या दाबाचा प्रेस आपल्या शॉपात नाही. लसूणवाला कुठं ठेवणार? गाडीखाली?”

फौजदार हसले. मग त्यांनी माझाच प्रश्न विचारला, की टांकसाळीत फुटकी डाय कशी काय चालवतील.

मेस्त्रींनी भिंग पुसून खिशात घातलं आणि माझ्याकडे पाहिलं. “आपण चालवत नाही काय?” एवढंच म्हणाले.

माझे कान तापले. मागच्याच महिन्यात बिजागरीच्या डायला तडा गेला होता. मालक म्हणाले, ऑर्डर संपू दे, मग बदलू. प्रत्येक पातीवर रेघ उठत होती, रोज थोडी लांब होत होती, आणि मी रोज तिच्यावरून नख फिरवून माल पुढे पाठवत होते. हात तोच, रेघ तीच. माझ्या टेबलावरून रोज जे जात होतं ते दुसऱ्याच्या टेबलावरून जाणार नाही, असं धरून मी एका माणसाचं तोंड फोडायला लावलं होतं. मला स्वतःचा इतका संताप आला की फौजदारांच्या टेबलाची कड मी घट्ट धरून ठेवली. समोर कुणी असतं तर मी त्यालाही मारलं असतं, आणि समोर फक्त मेस्त्री होते.

फौजदारांनी नवा जबाब लिहून घेतला: नाणी खरी असावीत, तक्रारदार बाईंची समजण्यात चूक झाली. मग पेन थांबवून विचारलं, “आणि हात धरलेला? व्हिडिओत दिसतंय. लोक छेड समजतात, ते तसंच राहू दे काय? राहिलं तर तुमच्यावर काही येत नाही. छेड नव्हती असं लिहिलं तर लोक विचारतील, मग मारलात कशाला.”

मी म्हटलं, “नाण्यांचं चुकलं, तेवढंच लिहा.”

मेस्त्री बाहेर गेले. रिक्षात ते माझ्याशेजारी न बसता पुढे चालकाजवळ बसले. पलंगाशेजारचा पोलीस उठला, तो माणूस सुटला, आणि दोन आठवड्यांत मी स्वतःला पटवून टाकलं की मी माझी चूक निस्तरली आहे. उलट खरं बोलायचं धैर्य दाखवलं म्हणून थोडं बरंही वाटत होतं.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याची बायको शॉपमध्ये आली. पत्ता तिला ठाण्यातून मिळाला असावा. हिरवं लुगडं, पायांत प्लास्टिकच्या चपला, हातात फोन. प्रेस बंद होते, त्यामुळे तिचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

“नाण्याचं सांगितला म्हणं पोलिसात,” ती म्हणाली. “हाताचं का नाही सांगितला?”

मी म्हटलं, केस मिटली आहे.

“पोलिसातली मिटली. गावातली? ह्यो व्हिडिओ गावात सगळ्यांकडं हाय. एक डोळा गेला त्याचा, पण कोण इचारत नाही. बायका आमच्या दारावरनं जाताना पोरींना दुसऱ्या बाजूला घेत्यात. त्याच्या भणीनं घरात घेतलं नाही त्याला. नाणं खोटं की खरं, आमाला काय करायचंय ते? तुमी त्याला काय करून सोडलाय, ते बघा की.”

ती खोटं एक अक्षर बोलत नव्हती. तरीही, सगळ्यांसमोर ती मला बोलते आहे एवढ्यानेच माझा हात वर गेला. माझा मला कळला नाही, तिला कळला. ती मागे सरली नाही. “मारा की,” म्हणाली. “आमाला मारायला सोपं हाय.” मेस्त्री कुठून आले माहीत नाही, उरलेल्या तीन बोटांनी त्यांनी माझा दंड धरला. त्या बोटांत अजून किती ताकद आहे, ते मला त्या दिवशी समजलं.

त्याच्या बायकोला येते असा निरोप धाडून पुढच्या शनिवारी मी अळणावरच्या बसमध्ये बसले. नवरा येतो म्हणत होता, त्याला नको म्हटलं. गावात गुडीसमोर, म्हणजे देवळासमोर, कट्टा होता, तिथे त्याच्या बायकोने माणसं जमवली होती. तीस-चाळीस तरी असतील, बायका वेगळ्या बाजूला. मी उभं राहून सांगितलं. ह्या माणसाने माझी छेड काढली नाही. त्याने माझ्या हातावर नाणी ठेवली, मला घरी जा म्हटलं. नाणी खरी होती. मी चुकले आणि मारलं.

एका म्हाताऱ्याने विचारलं, “मग मारलीस कशाला?”

“राग आला,” मी म्हटलं. दुसरं काही नव्हतंच सांगायला.

मागून कुणीतरी मातीचं ढेकूळ फेकलं. ते माझ्या खांद्यावर बसलं आणि फुटलं. एक बाई पुढे येऊन माझ्या पायांजवळ थुंकली. आणखी एक ढेकूळ आलं, त्यात खडा होता. भुवईवर लागलं आणि रक्त गालावर उतरलं. माझं सगळं अंग पेटलं होतं. कुणी फेकलं ते मी पाहिलं होतं, तो कुठे उभा आहे, त्याच्यापर्यंत जायला किती पावलं लागतील, सगळं पाहिलं होतं. मी हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले आणि परत पहिल्यापासून सांगितलं, मोठ्याने. मग तिसऱ्यांदा. व्हिडिओ काढा म्हटलं, तो काढला. शेवटी म्हातारा म्हणाला, झालं, बाईनं सांगितलंय, आता त्याला कोण काय बोलू नका. माणसं पांगली.

त्याची बायको मला तोंड धुवायला घरी घेऊन गेली. तो दारातच खाटेवर बसला होता. डाव्या डोळ्याच्या जागी पापणी शिवलेली होती, खालच्या जबड्यातले दात गेल्यामुळे तोंड एका बाजूला कललेलं. कट्ट्यावरचं सगळं त्याने इथून ऐकलं असणार, अंतर फार नव्हतं. मी गालावरचं रक्त धुतलं आणि त्याच्यासमोर उभी राहिले. आता तो शिव्या देईल, किंवा मारेल, असं मला वाटत होतं. मारावं अशी माझी इच्छा होती.

“अक्का,” तो म्हणाला. शब्द नीट निघत नव्हते, म्हणून तो सावकाश बोलला. “नाणी खरी निघाली, म्हणून मी सुटलो. पण ती खोटीच असती, तर मग मला मारलेलं बरोबर हुतं काय?”

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. पण महिनाभर मी मनात जी माफी मागत होते, फौजदारांसमोर मागितली होती, आत्ता कट्ट्यावर तीनदा मागून आले होते, ती सगळी एवढ्याचीच होती की माझी नजर चुकली आणि मार चुकीच्या माणसाला बसला. नाणी खोटी असती, तर मी आजही तो व्हिडिओ बघत बसले असते. माझं उत्तर ‘हो’ होतं. ते मी बोलले नाही, पण उरलेल्या एका डोळ्याने तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याला ते दिसलं. त्याने मान वळवली आणि बायकोला दार लावून घ्यायला सांगितलं.